सीटखालचा खटका

वायरमन जहांगीरनं मीटरच्या दोन्ही पिना गाडीच्या बॅटरीला लावल्या आणि आकडा बघून तोंड वाकडं केलं. बॅटरी ठणठणीत होती.

“फुल्ल हाय, काका.”

“मंग रात्री मशीन का बंद पडती?” मच्छिंद्र खेकसला. त्याचे डोळे लालभडक झाले होते.

मच्छिंद्रनं एसटीत ड्रायव्हरकी केली होती. सगळा जन्म परक्या लोकांना फिरवण्यात गेला, आता बायकोला फिरवू, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि आत पलंग, ओटा, पंखा असं सगळं घर बसवलं. घर तयार झालं आणि साळूबाईची फुप्फुसं गेली. तेव्हापासून घरगाडी जाफराबादजवळच्या त्यांच्या शेतवस्तीवरून हलली नव्हती. वस्तीवर लाइटीचा काही नेम नसायचा. गाडीत निदान मोठी बॅटरी होती, इंजिन चालवून ती भरता यायची. त्या बॅटरीवर ऑक्सिजनचं मशीन चालायचं आणि मशीनवर साळूबाई.

“मी उठून बघतो तर मशीन गप,” मच्छिंद्र सांगत होता. “हिचे ओठ काळेनिळे. अंधारात सगळे खटके खालीवर करतो, मंग चालू होती. एखांद्या रात्री मला जागच न्हाई आली तर?”

जहांगीरनं इंजिन चालू करायला लावलं. चार्जिंग बरोबर येत होतं. इंजिन बंद करून करंट कुठं गळतोय का ते बघितलं. थेंबभर गळत नव्हता. वायरी ओढून बघितल्या, एकही ढिली नव्हती. जालन्यात ट्रका आणि टेम्पोंच्या वायरिंगमध्ये त्याचे केस पांढरे झाले होते, आणि एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती: उतरलेली बॅटरी खटके खालीवर केल्यानं भरत नाही. ही बॅटरी उतरतच नव्हती. कुणीतरी करंट तोडत होतं.

तोडायची जागा एकच होती, ड्रायव्हर सीटखालचा मेन खटका. त्यानं सीटखाली हात घातला. धूळ, शेंगांची टरफलं आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा हाताला लागला.

तो मागं पलंगाकडं गेला. साळूबाईच्या नाकात नळी होती आणि मनगटात हिरव्या बांगड्या. दोन्ही कोपरं सोलून निघाली होती.

“हे काय झालं, मावशी?”

“पडले.”

“काका तर म्हणले, तुम्ही पलंग सोडत न्हाई.”

साळूबाईनं नवऱ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

पलंगाशेजारी मशीन घरघरत होतं. बॅटरीचा करंट तुटला की त्याचा भोंगा वाजायला हवा. त्यासाठी आत वेगळा छोटा सेल असतो. जहांगीरनं झाकण काढलं. सेलची जागा रिकामी होती.

“सेल कुनी काढला, काका?”

“मला काय ठाव!” मच्छिंद्र समोरच्या बाकड्यावर मटकन बसला. बाकडं म्हणजेच त्याचं अंथरूण. “ही घरघर चोवीस तास कानात हाय. डोळ्याला डोळा न्हाई माझा. कवा थांबतंय हे, असं झालंय बघा.”

जहांगीरला त्या माणसाची किळस आली.

“विहिरीवरून पानी आना एक बादली,” त्यानं सांगितलं. मच्छिंद्र खाली उतरला तसा तो कामाला लागला. मशीन थांबू नये म्हणून करंट तेवढ्यापुरता सरळ जोडला, सीटखालचा खटका काढला, वायर वाढवून मागं आणली आणि खटका साळूबाईच्या उशाशी, भिंतीच्या बाजूला बसवला. तिला ओलांडल्याशिवाय तिथं कुणाचा हात पोचणार नव्हता. मशीनमध्ये नवा सेलही घातला.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “आता ह्यो तुमच्या हाताशी. दुसऱ्या कुनाला बंद करता येनार न्हाई.”

तिनं खटक्यावर बोट फिरवलं. “वर चालू, खाली बंद?”

“हो.”

“आवाज न्हाई ना होत?”

“बिलकुल न्हाई.”

ती हसली. तो आल्यापासून पहिल्यांदाच. “लई उपकार झाले, भाऊ.”

जहांगीरला भरून आलं. एका जिवाला आपण वाचवलं, असं त्याला मनापासून वाटलं.

खाली उतरल्यावर त्यानं मच्छिंद्रच्या हातातली बादली घेतली. “मला सगळं कळलंय, काका. मावशीला काही झालं तर मी गप बसनार न्हाई.”

मार बसलेल्या माणसासारखं मच्छिंद्रचं तोंड झालं. तो पाय ओढत गाडीत चढला आणि बाकड्यावर आडवा झाला.

जहांगीरनं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, पेटी मोटरसायकलला बांधली. वस्तीवरची लाइट सकाळीच गेली होती. शेतात चिटपाखरू नव्हतं. किक मारायला पाय उचलला आणि त्याच्या ध्यानात आलं, मशीनची घरघर ऐकू येत नव्हती. भोंगाही वाजत नव्हता.

तो खिडकीकडं धावला. बाकड्यावर मच्छिंद्र तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. पलंगावर साळूबाई कोपरावर रेलून त्याच्याकडं बघत होती. तिच्या मुठीत नवा सेल होता. जहांगीर ओरडणार, एवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, भाऊ,” ती धापा टाकत म्हणाली. “आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा.”