शालीखालची वस्तू

अलासितासची जत्रा भरली होती. वर्षभरात जे खरं व्हायला हवं, ते इथे बोटभर आकारात विकत घ्यायचं आणि दुपारी बाराच्या घंटेला त्याला धूप दाखवायचा.

"शालीखाली काय लपवलंयस, आई?" तिच्या लेकीनं, वारानं विचारलं.

"बारा वाजू देत."

"मला माहितेय, किराणा दुकानच असणार! विद्यापीठात खाणीचं इंजिनिअरिंग घेणार म्हटल्यापासून मामा बोंबलतोय, बाई खाणीत उतरली की चांदी रुसते म्हणे. तुलाही तेच वाटतं. शेवटी तुझ्यासारखी गल्ल्यावरच बसवशील मला."

"किती गं संशय घेतेस! आधी तो हात खिशातून काढ, एवढी थंडी नाहीये."

घंटा वाजली. आईनं शाल बाजूला केली. तिच्या तळहातावर खाणीत घालतात तसं दिव्याचं पिवळं हेल्मेट होतं, शेंगदाण्याएवढं.

"हे तुझ्यासाठी. आता तू काय घेतलंयस ते आण, दोन्हींना एकदमच धूप देऊ."

वाराची मूठ काही खिशाबाहेर येईना. शेवटी आईनंच ती ओढून उघडली.

आत बोटभर किराणा दुकान होतं.