आयेच्या हातचं म्हावरं

शिवडीचा पोशा कोळी पहाटे दर्यातून सरंगा धरून आणायचा. त्याची नवी नवरी गुणवंती त्या माशाच्या डोळ्यांतला समुद्र सुकायच्या आत कालवण चुलीवर चढवायची. आणि तिसऱ्या घासाला पोशा ताट सरकवायचा.

"शिळं लागतंय. मी माझ्या आयेच्या हातचं म्हावरं खाऊन वाढलोय, मला नको शिकवू. उद्या तशी चव नाही आली, तर चालू लाग माहेरी."

गुणवंती रडत माझगावला गेली, थोरल्या दिराकडे राहणाऱ्या सासूपाशी. सगळं ऐकून सोनूबाईनं कपाळाला हात लावला.

"मोठा आलाय चवीचा! अगो, ताजं म्हावरं मी पाटीत घालून बाजारात न्यायची. पोरांच्या ताटात कुठून पडणार?"

तिनं फळीवरच्या चेपलेल्या विलायती डब्यांतला एक काढला आणि कोयत्यानं पत्रा कापला. आत तेलात निजलेले बोटभर मासे होते.

"साहेबाच्या बोटीवरून टाकलेले हे डबे तुझा सासरा गोदीतून उचलून आणायचा. मी वर चिंच-तिखट घालून उकळायची, झालं कालवण! पण कुठं बोलू नको हां. कोळ्याचं पोर डब्यातलं म्हावरं खातं म्हटलं, तर सगळा कोळीवाडा हसेल."

गुणवंतीनं दोन डबे ओटीत लपवून आणले. दुसऱ्या दिवशी पोशानं बोटं चाटली, मग ताटही चाटलं.



"आता कसं! याला म्हणतात ताजं म्हावरं."