दीर्घिकेतली टिकटिक

धाकट्या लेकीचं, रंजनाचं लग्न झालं, त्याच वर्षी गजराबाईंच्या नवऱ्याच्या, लहानूंच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसलं. ते दर ठोक्याला दवाखान्याकडे संदेश धाडी आणि गावच्या रेडिओ दुर्बिणीला तेवढाही आवाज खपत नसे. नियमाप्रमाणे लहानू डोंगरापलीकडे पुतण्याकडे राहायला गेले. गजराबाई दुर्बिणीच्या केंद्रावर पोळ्या करत. घर त्यावरच चालायचं, म्हणून त्या मागे राहिल्या.

एका सोमवारी केंद्रातल्या शास्त्रज्ञ पोंक्षे मॅडमनी त्यांना पडद्यापाशी बोलावलं. पडद्यावर एक दीर्घिका होती. मधोमध आडवा दांडा, टोकांना वळलेल्या भुजा.

“अगं बाई, ही तर फुगडी! मधे धरलेले हात, बाहेर उडालेले पदर.”

“मावशी, या रेडिओ लहरी सहा कोटी वर्षांपूर्वीच्या. पण दर रविवारी दुपारी त्यात टिकटिक मिसळते, मिनिटाला सत्तर. डोंगरातल्या खिंडीकडून येते. तिकडे कोण असतं?”

खिंडीतून गजराबाईंचं अंगण दिसायचं. रविवारी दुपारी त्या तिथं धुणं वाळत घालत.

“म्हातारा चोरून बघतोय मेला,” त्या हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. “पुसू नका हो त्याला.”

“चित्रातून पुसावंच लागतं. पण तक्रार नाही करत.”

तेव्हापासून गजराबाई रविवारी ठेवणीतलं लुगडं नेसून धुणं वाळत घालू लागल्या.

पौषातल्या एका रविवारी धुणं आटोपून त्या केंद्रावर आल्या, तर मॅडम आनंदानं म्हणाल्या, “मावशी, आज चित्र अगदी स्वच्छ आलं!” आणि लगेच त्यांची नजर खिंडीकडे गेली.

गजराबाईंनी कणीक तशीच झाकून ठेवली.

संध्याकाळी पुतण्या निरोप घेऊन आला. लहानू त्याच सकाळी, पौष वद्य पंचमीला, नऊ वाजता वारले होते.