न उघडलेला खोका

गनीशेठने गॅरंटी कार्डावर बोट ठेवून तारीख मोठ्याने वाचली. एकदा नव्हे, दोनदा. वर्ष भरून एकोणीस दिवस झाले होते.

"खलास, इद्रीसभाई. एकोणीस दिवस आधी आला असतात, तर मी कंपनीशी भांडलो असतो."

काउंटरवर इद्रीसचा टेपरेकॉर्डर होता, शेजारी रिकामा खोका आणि खोक्याला शिवलेलं गोणपाट. गोणपाटावर काळ्या रंगात गावचा पत्ता होता, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. कालपर्यंत त्याचा एक टाकाही उसवलेला नव्हता. गावी न्यायची वस्तू इथे उघडायची नाही, हे आखातातल्या या देऱ्यात कुणी कुणाला शिकवत नाही, सगळेच तसं करतात. घड्याळं, साड्या, ट्रान्झिस्टर वर्षवर्ष खाटेखाली पडून असतात आणि माणसं वर झोपतात. नव्याचा वास घरच्यांनी घ्यायचा असतो. खाटेखालच्या वस्तूचीही गॅरंटी रोज एकेक दिवसाने सरत असते, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

शुक्रवारची बोट होती म्हणून काल त्याने टाके उसवले. आत सेल गळून पांढरा भुगा झाला होता, तारा हिरव्या पडल्या होत्या. तीन महिन्यांच्या पगाराच्या त्या मशीनने हूं की चूं केलं नाही.

"मी एकदाही वापरलं नाही," इद्रीस म्हणाला.

"तिथेच चुकलात. वापरलं असतंत तर बिघाड वेळेत कळला असता."

"सेल तुम्हीच घातले होते, शेठ. आवाज ऐकवायला. खोका बंद करताना ते काढायला नकोत?"

सेलची जबाबदारी कंपनी घेत नाही, असं म्हणून गनीशेठ कार्डाची घडी घालू लागला.

या दुकानात इद्रीसने गावची निदान वीस माणसं आणली होती. बोटीतून उतरलेल्या माणसाला आधी मशिदीत न्यायचं आणि मग गनीशेठकडे, हा त्याचा शिरस्ता. पलीकडच्या गल्लीत स्वस्त मिळतं म्हणून कुणी कुरकुरलं, तर तो सांगायचा, हा आपल्याकडचा माणूस आहे, उद्या काही झालं तर उभा राहील. आता काही झालं होतं आणि आपल्याकडचा माणूस तारीख वाचत होता. मशीन उचलून त्या काचेच्या कपाटावर आपटावं, असं त्याला वाटलं. पण खिशात त्या मशीनमधून काढलेलं टेपचं रीळ होतं.

रिळावर मुनीर होता. मशीन घेतलं त्या दिवशी गनीशेठने लाल बटण दाबून माइक पुढे केला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो असं बोलायला लावतो आणि त्याचाच आवाज त्याला ऐकवतो. इद्रीस लाजला. धाकटा भाऊ मुनीर कसला लाजतोय! 'अम्मा, मी मुनीर,' म्हणून सुरू झाला तो मिनिटभर बोलत राहिला. फणस उतरवले का, बकरी व्यायली का, माझी खाट कुणाला देऊ नकोस. शेवटी भावाकडे वळून हसला आणि म्हणाला, 'येतोय ना आवाज, भाई?'

चार महिन्यांनी तो परांचीवरून पडला. दफन इथेच करावं लागलं. अम्माने शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलं होतं, तोंड तर दिसलं नाही, आवाज तरी घेऊन ये.

हे सगळं चारचौघांत इद्रीसला सांगवेना. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. मेलेल्या भावाचं नाव पुढे करून सवलत मागितल्यासारखं झालं असतं. त्याने फक्त रीळ काढून काउंटरवर ठेवलं.

"हे दुसऱ्या मशीनवर लावून बघा. खराब तर झालं नाही ना, तेवढंच बघायचंय."

गनीशेठला तरतरी आली. त्याने फळीवरून नवीन मॉडेल खाली काढलं, फडक्याने पुसलं. चारशे रियाल, म्हणजे आपले सव्वासहाशे रुपये, पण तुमच्यासाठी कमी करू, असं म्हणत त्याने रीळ चढवलं. मग दिवसातून दहा वेळा करायचा तसंच त्याने आताही केलं. काळं आणि लाल, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि माइक इद्रीसच्या तोंडापुढे धरला. लाल बटण दाबलं की आधीचं पुसलं जातं आणि नवं भरलं जातं, हे ज्याने खोका कधी उघडलाच नाही त्याला कुठून माहीत असणार.

रीळ फिरू लागलं. इद्रीस मान पुढे करून ऐकत राहिला. गनीशेठ हातात माइक तसाच धरून दुसऱ्या गिऱ्हाइकाला गॅरंटी समजावत होता, पूर्ण एक वर्षाची.

इद्रीस आणखी वाकला. "मुनीर?" तो हळूच म्हणाला.

मिनिट होत आलं.

"काही येत नाही, शेठ."

"येणार, येणार." गनीशेठने बटणं सोडली, रीळ उलटं फिरवून पहिल्या जागी आणलं आणि आता फक्त काळं बटण दाबलं. "ऐका. कसा साफ आवाज आहे बघा."

बराच वेळ नुसती खरखर झाली. टेपमधला गनीशेठ कुणाला तरी एक वर्ष, एक वर्ष म्हणत होता. त्यात इद्रीसचा आवाज आला. मुनीर? मग पुन्हा खरखर. काही येत नाही, शेठ. येणार, येणार. मग खट्ट झालं, आणि मशीनमधून मुनीर हसत म्हणाला,

"येतोय ना आवाज, भाई?"