फोरमध्ये टाक गं!

“फोरमध्ये टाक! फोरमध्ये टाक गं!” महाबळेश्वर ओरडले.

मयूरीनं गडबडीत गियरचा मोठाच दांडा ओढला. पिकअपची मागची चाकं लाल चिखलात जागच्या जागी गरगरत राहिली.

“तो न्हाई, बाजूचा छोटा दांडा! त्याबिगर पुढची चाकं ओढतील व्हय?”

छोटा दांडा पडला तशी गाडी हिसका देऊन निघाली.

फणस काढताना महाबळेश्वर शिडीवरून पडले होते. डोकं दगडावर आपटलं होतं. रक्त थांबलं, पण एकदा उलटी झाली आणि गुंगी चढायला लागली. जोयड्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोनवर सांगितलं, झोपू देऊ नका, लगेच घेऊन या. वाडीपासून अणशीच्या डांबरी रस्त्यापर्यंत असा चिखल, की अँब्युलन्स येणं शक्यच नव्हतं. मुलगा नागेश कामाला गोव्यात. “मला गाडी येते थोडी,” नवी सून मयूरी म्हणाली. सासूबाईंनी, म्हणजे गिरजाबाईंनी, किल्ली तिच्या हातात ठेवली आणि देवाचं नाव घेतलं.

त्या पिकअपला महाबळेश्वरांशिवाय कुणी हात लावत नसे. नागेशला ते गाडी फक्त धुवायला देत.

आता ते दोघींच्या मध्ये बसले होते. डोक्याला गिरजाबाईंचं लुगडं फाडून बांधलेलं. उतार लागला तेव्हा त्यांची मान छातीवर आली होती. मयूरीनं ब्रेक दाबला. गाडीचं मागचं अंग जरासं सरकलं.

“ब्रेक न्हाई!” मान ताठ झाली. “उतारावर ब्रेक मारतंय कोण? थांबव. लोमध्ये टाक. आता पाय काढ. इंजनच धरतंय गाडी, बघ.”

“असं व्हय, मामा?”

“असं व्हय म्हणे! माहेरी काय बैलगाडी हाकत होतीस?”

गिरजाबाईंचा जीव मुठीत होता. नवरा हातचा जातो की काय आणि ही पोरगी वाटेतच सगळ्यांना पोचवते की काय, यातलं कशाचं भय जास्त हे त्यांना कळत नव्हतं. ओढा आला. उतार संपताच मयूरीनं छोटा दांडा परत टूमध्ये घेतला होता; आता ती काठावर थांबून त्याच्याकडे बघत बसली. पाण्यात उतरायच्या आधी फोरमध्ये टाकायचं असतं, मध्ये अडकल्यावर नव्हे, हे तिला पुन्हा ऐकावं लागलं, आणि सोबत तिच्या वडिलांचा उद्धारही.

डांबरी रस्ता आला. पुढं सुरळीत जाईल म्हणून गिरजाबाईंनी श्वास सोडला. महाबळेश्वरांचे डोळे मिटले. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग जड झालं, टायर किंचाळले.

“अगं, टूमध्ये घे! डांबरावर फोरमध्ये पळवतीस? मोडतीस माझी गाडी!”

जोयडा येईपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही.

डॉक्टरांनी टाके घातले, ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, धोका टळला, घरी न्या, आता निवांत झोपू दे. गिरजाबाई तिथंच भिंतीला टेकून रडल्या. महाबळेश्वर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, “गाडी मीच आणली म्हणा की. सुनेनं नुसतं चाक धरलं होतं.”

बाहेर गिरजाबाईंनी सुनेला गाठलं. “येत न्हाई तर तसं सांगायचं. माझं काळीज हातात आलं होतं.”

“चुकलं, अत्ती,” मयूरी खाली बघून म्हणाली.

परतताना महाबळेश्वर गाडीत बसले आणि लगेच घोरायला लागले. आता हिला सांगणार कोण, या काळजीनं गिरजाबाईंनी समोरची दांडी घट्ट धरली.

डांबर संपलं. चिखलाच्या अलीकडेच मयूरीनं वेग कमी केला आणि समोर बघत बघत एका हातानं छोटा दांडा टाकला. ओढा कधी आला नि कधी मागं गेला, कळलंही नाही. काल उतरलेली घसरण आज चढायची होती. ती पायथ्याशी थांबली, लोमध्ये घेतलं, आणि गाडी कुठंही न घसरता वर आली. महाबळेश्वरांची मान एकदाही हलली नाही.

गिरजाबाई सुनेकडे बघतच राहिल्या. “एवढं सगळं येतंय तुला? मग काल काय झालं होतं गं?”

“हळू बोला, अत्ती,” मयूरी म्हणाली. “आज झोपू दे त्यांना.”