मुठीखालचे ओरखडे

मालक होते तोवर गाडीचं दार मी कधी माझ्या हातानं उघडलं नाय. मी पदर सावरत थाटात उभी राहायची आन् मालक पलीकडून फिरून येऊन दार उघडायचे. बजाजनगरातल्या बायका लई जळायच्या. माझ्या दाराच्या मुठीखाली मालकांच्या नखांचे बारीक ओरखडे उमटले होते.

मालक गेले. लेकानं, सोमनाथनं, क्रांती चौकातून मऊ पॅड आन् हलकं पॉलिश आणून गाडी आरशावानी केली. ते ओरखडेही गेले. त्यानं विचारलं नाय, मीबी अडवलं नाय. लेकाकडं काय मागायची मला सवय नाय.

पण ओरखडे परत आले. मग त्यानं जरा कडक पॅड घेतलं, जहाल पॉलिश घेतलं, रंग उडंल म्हणून भीत भीत घासलं. तरी परत आले. बाकीची दारं साफ.

"माय, या दारानं तर आता कुणी बसतबी नाय," सोमनाथ म्हणाला.

"आबाच येत असतील," सून प्रेरणा कुजबुजली. "नारळ उतरवू, नायतर गाडीच विकून टाकू."

"नारळ तुझ्या नवऱ्यावरून उतरव. गाडी कुठं जायची नाय. आन् ते येत असतील तर येऊ दे, गाडी त्यांचीच हाय."

दोघं दाराकडं बघत राहिली.



मी नखांत अडकलेली पॉलिशची पांढरी भुकटी पदराखाली हळूच पुसली.