अकरा मात्रांचा चौथा भाग

दादा आला तेव्हा घाईराव स्टुडिओत काचेच्या अलीकडे तिसऱ्यांदा खुर्ची बदलून बसला होता.

"या," तो उठत म्हणाला. मग म्हणाला, "ये." सव्वीस वर्षांनी भेटणाऱ्या माणसाला काय म्हणायचं हे त्याचं ठरलंच नव्हतं.

"दाढी पिकली की रे तुझी," दादा म्हणाला आणि काठ्यांची पिशवी घेऊन सरळ आतल्या खोलीत ड्रमकडे गेला.

घाईराव हे नाव दादानेच ठेवलेलं. बँडमध्ये दादा ड्रम वाजवायचा, हा कीबोर्ड. आणि हा प्रत्येक मात्रेवर केसभर आधी पोचायचा. एका दुपारी दादाने सगळ्यांदेखत काठ्या खाली ठेवल्या. "तुला ताल नाही, गड्या. सामान उचल आणि घरी जा."

तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याने टिकटिक करून मात्रा मोजणारा मेट्रोनोम विकत आणला आणि रोज दोन तास त्याच्यासमोर बसू लागला. त्या टिकटिकीत मुलगी लहानाची मोठी झाली, लग्न होऊन गेली. "सवत आणली असतीस तरी चाललं असतं," बायको म्हणायची, "ती निदान मधूनमधून गप्प बसली असती."

या काळात त्याने शेकडो लोकांच्या गाण्यांत कीबोर्ड वाजवला. सांगितलं तसं, सांगितलं तेवढं. आता चोपन्नाव्या वर्षी त्याचा स्वतःचा पहिला अल्बम होत होता. प्रोग्रेसिव्ह रॉक, सात भाग, चव्वेचाळीस मिनिटं. पाहुणा गिटारवाला दोन दिवसांत वाजवून गेला. पाहुण्या बास गिटारवाल्याने घरूनच वाजवून पाठवलं आणि खाली लिहिलं, "मात्रा मोजता मोजता चष्म्याचा नंबर वाढला."

खरं तर ड्रम सगळ्यांत आधी वाजवून घेतात. घाईरावने ते मुद्दाम शेवटी ठेवले होते. आधी आपला ताल, मग दादाचा. फोनवर दादाने एकच अट घातली होती. "येतो. पण अल्बमच्या पाकिटावर माझं नाव टाकायचं की नाही, ते वाजवून झाल्यावर सांगेन."

घाईरावला ते नाव हवं होतं. विक्री, कौतुक, सगळं त्या नावापुढे फिकं होतं.

"एक सांगायचं राहिलं," रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "काल तुम्ही गेल्यावर मी जरा…"

"नंतर, बाई, नंतर."

आतून दादाचा आवाज आला. "गिटार, बास बंद करा. क्लिकसुद्धा बंद. माझ्या कानात फक्त याचा कीबोर्ड द्या."

घाईराव खुर्चीच्या कडेवर सरकला. क्लिक म्हणजे वाजवणाऱ्याच्या कानात चालणारी टिकटिक. ती काढली की दादाला आधार फक्त याच्या बोटांचा. बरोबर हेच त्याला हवं होतं, आणि याचीच त्याला भीती वाटत होती.

पहिला भाग झाला. दादाचा चेहरा कोरा. दुसरा, तिसरा, तसाच. घाईराव उठला, बसला, पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोलत राहिला. चुकलो का आपण? कुठे? शक्यच नाही. त्याने एकेक भाग तीस-तीसदा वाजवला होता.

चौथा भाग अकरा मात्रांचा. भल्याभल्यांची दांडी गुल करणारा. तो सुरू झाला आणि दादाने मान तिरकी केली. मग डोळे मिटले. मग, देवाशपथ, तो हसला. भाग संपला तरी त्याचा पाय चालूच होता.

उरलेले तीन भाग त्याने पुन्हा कोऱ्या चेहऱ्याने उरकले आणि मान पुसत बाहेर आला. घाईराव उभाच होता.

"सहा भाग बिनचूक आहेत," दादा म्हणाला. "चूक काढायला जागा नाही. मला शिरायलाही नाही. भिंतीला टेकून वाजवल्यासारखं वाटलं."

घाईरावने बाटलीवरचा उरलेला कागदही ओढून काढला.

"पण चौथा." दादा खुर्चीत बसला. "तिथे तू होतास रे. कुठे रेंगाळतोस, कुठे पुढे सरकतोस, मला तुझी वाट बघावी लागली. इतक्या वर्षांत कुणाबरोबर असं वाजवलं नव्हतं मी." तो काठ्या पिशवीत भरू लागला. "तुला ताल नाही म्हणालो होतो. चुकलो मी. चौथ्यावर माझं नाव टाक. फक्त चौथ्यावर."

जाताना त्याने घाईरावच्या पाठीवर थाप मारली. दार लागलं आणि घाईराव मटकन खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवावंसंही वाटत नव्हतं. चौथा भाग वाजवला त्या दिवशी अंगात कणकण होती. त्या दिवशी आपण मात्रा मोजल्याच नव्हत्या, असं त्याला आता आठवू लागलं. मोजल्या नव्हत्या म्हणूनच बोटं मोकळी सुटली असणार. सव्वीस वर्षं ती लय आत कुठेतरी होतीच तर.

त्याने डोळे पुसले आणि कीबोर्डची खुर्ची पुढे ओढली.

"बाई, उरलेले सहाही मी पुन्हा वाजवणार. चौथ्यासारखे. आत्ता, लगेच."

"पुन्हा कशाला वाजवता?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "मघाशी तेच सांगत होते. चौथा फारच ताठ वाटला, म्हणून काल मी तुमचे स्वर कॉम्प्युटरवरच जरा मागेपुढे विस्कटले. एका बटणाचं काम आहे. बाकीच्या सहांनाही लावू?"